अठरा पोरांचा भूगोल

नोकरीच्या पहिल्याच सकाळी मी मठपती सरांच्या पर्जन्यमापकात चूळ टाकली.

मुद्दाम नाही. आदल्या संध्याकाळी नांदेडहून एसटीनं उतरलो, ट्रंक शाळेच्या एका खोलीत टाकली आणि दोन बाकं जोडून झोपलो. सकाळी तांब्या आणि काळं दंतमंजन घेऊन बाहेर आलो, तर मैदानाच्या कडेला कमरेएवढ्या ओट्यावर पत्र्याचं एक लखलखीत नरसाळं बसवलेलं. मनात म्हटलं, खेडं असलं तरी शाळेनं सोय चांगली केली आहे. नीट वाकून, शिंतोडे उडू न देता, दोन चुळा टाकल्या आणि वरून थोडं पाणी सोडून नरसाळं स्वच्छही केलं. माझ्यावर संस्कारच तसे आहेत.

अकराच्या सुमारास शिक्षकांच्या खोलीत एक उंच, वाळके गृहस्थ आले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, पायजमा आणि हातात काचेची बाटली. बाटलीत काळं पाणी. त्यांनी सगळ्यांकडं बघून विचारलं, "रात्री कुणाकडं पाऊस झाला काय हो?"

जूनचा मध्य होता, मृग कोरडा चालला होता आणि गावाची मान वर करून करून दुखायला लागली होती. पाऊस हा शब्द ऐकून शिपाईसुद्धा आत आला. कुणाकडंच झाला नव्हता.

"माझ्याकडं सात मिलिमीटर झालाय," सर म्हणाले. "काळा हाय. आन् लवंगांचा वास येऊन राहिला."

सगळे हसायला लागले तेव्हा मीही हसलो. तिथंच फसलो, कारण हसताना दात दिसतात. सर रागावले नाहीत. त्यांनी एक जाडजूड वही उघडली, त्या दिवसाच्या रकान्यात 'पाऊस निरंक' असं लिहिलं, शेऱ्यात 'नवीन शिक्षकांची चूळ, सात मि.मी.' असं लिहिलं आणि शेजारी माझी सही घेतली. पुढं तीन आठवडे त्या वहीत तेवढीच एक ओली नोंद होती. ते वर्ष दुष्काळाचं निघालं.

गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून ओळखीचे आहेत. लातूर-नांदेड रस्त्यावरचं बाजाराचं गाव एवढं पुरे. लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती आणि जो तो 'आपला जिल्हा' असं मोठ्यानं म्हणत होता. मी नांदेडचा, म्हणजे निजामाच्या काळापासून जिल्ह्यात वाढलेला. मला त्याची थोडी गंमत वाटायची आणि ती तोंडावर दिसायची. म्हणून सरांनी मला पहिल्या आठवड्यातच 'नांदेडकर' करून टाकलं. माझं खरं आडनाव तिथल्या पगारपत्रकाखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

शाळेला जोडून अकरावी-बारावीचे कला शाखेचे वर्ग होते. मी राज्यशास्त्र शिकवायला आलो होतो, तात्पुरता. वर्ष नीट गेलं तर मान्यतेचा कागद येणार होता. तो कागद माझ्यासाठी नोकरीपुरता नव्हता. नांदेडात एक मुलगी मला पसंत होती, मी तिला पसंत होतो, पण तिचे वडील कचेरीत हेडक्लार्क होते आणि शिक्का असलेल्या कागदाखेरीज जगात कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. मान्यता आली की साखरपुडा, असं त्यांनी मला चहा पाजून स्वच्छ सांगितलं होतं.

मठपती सर भूगोल शिकवायचे. मूळ उदगीरकडचे. वीस वर्षं त्याच शाळेत होते, आणि अकरावी-बारावी सुरू झाली तेव्हा भूगोल हा विषय त्यांनी स्वतः मागून घेतला होता. सरांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. हे मला माहीत असायचं कारण नाही, पण ते गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण सर चालायचे म्हणजे मोजायचे. घर ते शाळा अकराशे बारा पावलं. शाळा ते पोस्ट सहाशे चाळीस. तोंडात आकडे असल्यामुळं रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते नुसती मान हलवायचे. मी नवा आणि तोंडाळ. एकदा बाजारातून त्यांच्यासोबत निघालो आणि पुस्तकं, पगार, पाऊस असं काहीबाही बोलत राहिलो. पोस्टाजवळ सर थांबले. माझ्याकडं बघितलं. मग मागं फिरले आणि बाजाराच्या कमानीपाशी जाऊन पुन्हा पहिल्यापासून निघाले. मलाही जावं लागलं. दुसऱ्या खेपेला मी गप्प होतो. शाळेच्या फाटकात आल्यावर ते म्हणाले, "हं, आता बोला, काय म्हणत होतात?" मी काय म्हणत होतो ते विसरून गेलो होतो.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या शाळेला पाठ होता. कुणी काहीही सांगितलं, साखर महागली, तलाठ्याची बदली झाली, अमक्याच्या विहिरीला पाणी लागलं, की सर विचारायचे, "बघून आलात का?" नसेल तर म्हणायचे, "मग ऐकलंय म्हणा." वाद नाही, टोमणा नाही. पण त्यांच्यासमोर थाप मारताना माणूस जरा अडखळायचाच.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं न्याहारीला असायचो. काकू मुरमुऱ्यांची सुशीला करायच्या, भरपूर कांदा आणि शेंगदाण्याचा कूट घालून. घरात नवरा-बायकोचं भांडण कानडीत चालायचं आणि समेट मराठीत व्हायचा, त्यामुळं मला समेट तेवढे कळायचे. मी त्या घरी पंधरा-वीस समेट ऐकले असतील. भांडणं कशाची होती ते आजतागायत ठाऊक नाही.

नकाशाचं प्रकरण त्याच पावसाळ्यातलं, म्हणजे नसलेल्या पावसाळ्यातलं. वर्गात राज्याचा कापडी नकाशा होता, पण जुना. त्यात लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक टिंब. नवा नकाशा मागवला होता, तो येत नव्हता. पोरांना स्वतःचा जिल्हा बघायला मिळू नये हे सरांना सोसेना. त्यांनी लाल ऑइलपेंट आणला, पण बारीक कुंचला मिळाला नाही, म्हणून पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा ब्रश घेतला. नव्या जिल्ह्याची सीमा चांगली करंगळीएवढी जाड झाली. आठवडाभरानं एक शेतकरी आला. त्याच्या पोरानं घरी सांगितलं होतं की आपलं गाव रेघेखाली गेलं. सरांनी त्याला वर्गात नेलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "सर, आम्ही दोन्हीकडनं गेलो की." सरांनी त्याची माफी मागितली आणि पुढचे तीन रविवार दाढीच्या ब्लेडनं रंग खरवडत बसले. मग त्या माणसाला निरोप धाडून बोलावलं. तो आला, वाकून बघितलं, म्हणाला, "हाव, निघालं भाईर," आणि चहा पिऊन गेला.

आता मुख्य गोष्ट. तिच्याकडं यायला मी उगाच वेळ लावतोय हे मला कळतंय.

अकरावीच्या पोरांना मराठी, इतिहास, अर्थशास्त्र सगळ्यांना असायचं. एक तास मात्र असा होता की भूगोल घ्या नाहीतर राज्यशास्त्र. दहावीचा निकाल लागल्यावर आम्ही दोघं व्हरांड्यात शेजारी-शेजारी टेबलं मांडून बसलो, आठवडी बाजारात भाजीवाले बसतात तसे. आपला माल खपावा असं भाजीवाल्याला तरी वाटतं. सरांचं तसं नव्हतं. पोरगं पुढं आलं की ते चौकशी करायचे. घरी काय करतात? उन्हात चालवतं का? चित्र काढतोस का? एक पोरगा रांगेत मागच्याशी हुज्जत घालत आला. आपला नंबर आधी का, याची त्यानं तीन कारणं दिली. सरांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि त्याला माझ्या टेबलाकडं वळवलं. "हा चांगला बोलतोय. हा तुमचा, नांदेडकर." माझ्या चौदा पोरांतली पाच त्यांनी अशी पाठवलेली होती. तरी त्यांच्याकडं चोवीस झाली. त्यांच्या पोरांना साखळी घेऊन शिवार मोजायला मिळायचं, दोराला गाठी मारून विहिरींचं पाणी मोजायला मिळायचं, आणि हे घरोघरी धाकट्या भावंडांना कळलेलं असायचं. माझ्या विषयात मोजायला काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये संस्थेचे सचिव आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सरकारचा नियम काय होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही, आमच्यासाठी अण्णा सांगतील तो नियम. अण्णांनी सांगितलं की पाऊस नाही, पोरं गळायला लागली, दोन्ही विषय ओढत बसणं जमायचं नाही. सप्टेंबरअखेर ते स्वतः येऊन मोजतील. वहीतली नावं नव्हे, वर्गात बसलेली डोकी. ज्या विषयाला वीस डोकी तो चालेल, खाली गेला तो बंद. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "भूगोलात चोवीस हायती. तुम्ही तरणे आहात. बघा काय जमतंय."

मी बघितलं.

विषय बदलायला महिनाअखेरपर्यंत मुभा होती. मी पोरांना जाता-येता गाठायला लागलो. भूगोलाला प्रात्यक्षिकाची वही, रंग, उन्हात वणवण. राज्यशास्त्राला काय, एक पुस्तक आणि परीक्षेआधी आठ दिवस पाठांतर. आपल्याच विषयाची अशी जाहिरात करताना लाज वाटायला हवी होती, पण डोळ्यांसमोर हेडक्लार्क होते. चार पोरं आली. अठरा झाली.

दोन कमी होती. बाजारात एक शिंपी होते, त्यांची मुलगी गोदावरी आणि पुतणी शीला दोघी भूगोलात होत्या. गोदा नकाशे असे काढायची की सर ते काकूंना दाखवायला घरी न्यायचे. मी त्या शिंप्याकडं सदऱ्याचं माप द्यायला गेलो. सदऱ्याची गरज नव्हती. हात पसरून उभा राहिलो आणि सहज बोलल्यासारखं बोललो की भूगोलाच्या पोरींना पोरांबरोबर शिवारात हिंडावं लागतं. तुम्ही कसं काय पाठवता, असं नाही विचारलं, पण ते त्यातच होतं. शिंपी कापडावर खडूची रेघ ओढत राहिले. तिसऱ्या दिवशी दोघी फॉर्म घेऊन आल्या.

फॉर्मवर आधीच्या शिक्षकाची सही लागायची. सरांनी सहाही फॉर्मवर सही केली. गोदाच्या वेळी मात्र पेन हातात धरून विचारलं, "तुला जायचंय का?"

"बाबा म्हणतेत," ती म्हणाली.

सरांनी सही केली. माझी वीस झाली, त्यांची अठरा राहिली. त्या रविवारी मी नेहमीप्रमाणं न्याहारीला गेलो आणि सुशीला दोनदा वाढून घेतली.

सप्टेंबरमध्ये वर्ग ओस पडायला लागले. गावापासून तीन कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. घरंच्या घरं तिकडं माती उचलायला गेली आणि आमची अकरावीही गेली, घमेली घेऊन. मी पटावर लाल शाईनं गैरहजेरी मांडत बसलो. सर चालत तिकडं गेले. किती पावलं भरली ते त्यांनी आल्यावर सांगितलं, मी लक्ष दिलं नाही. दुपारच्या सुट्टीत, माणसं भाकरी खायला बसली की ते आपल्या पोरांना खणलेल्या खड्ड्याच्या कडेला बसवायचे. काळी माती, खाली मुरूम, खाली मुरमाहून घट्ट असा मांजऱ्या खडक. पुस्तकात रंगवून दाखवलेले थर तिथं आयते कापून ठेवले होते. पोरं घमेल्यांवर बसून वहीत ते काढून घ्यायची. मुकादमानं आधी कुरकुर केली, मग तोही ऐकायला यायला लागला.

एकदा सर माझ्याकडं येऊन म्हणाले, "तुमचीबी सात हायती तिकडं. धडा कुठवर आला ते लिहून द्या, सांगून येतो."

मी लिहून दिलं. स्वतः का गेलो नाही? ऊन फार होतं, असं मला आठवतं.

मोजणीच्या दिवशी अण्णा साडेअकराला येणार होते. मी सकाळपासून तीनदा डोकी मोजली होती, वर्गात माझी तेराच होती. दहाच्या सुमारास शिपायानं हाक मारली. रस्त्यावरून एक रांग येत होती. पुढं सर, मागं गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेली पोरं. पहाटे उठून तलावावर गेले होते आणि मुकादमाकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेऊन आले होते. त्यांच्यामागं त्यांची होती तशी माझी सातही होती. माझी पोरं मी आणायला हवी होती. मी त्या वेळी माझ्या कागदपत्रांना टाचण्या लावत होतो.

पोरं टाकीवर हातपाय धुऊन आपापल्या वर्गात गेली. व्हरांड्यात सर आणि मी उरलो. तेवढ्यात गोदा माझ्या वर्गातून बाहेर आली. मागं शीला. गोदा माझ्याकडं न बघता सरांना म्हणाली, "सर, आम्ही दोघी तुमच्याकडं बसतो. अण्णा वही बघत न्हाईत, डोकी मोजतेत."

ते खरं होतं. दोघी तिकडं गेल्या की सरांची वीस, माझी अठरा. हिशेब एवढा सोपा होता की चौघांनाही एकदमच सुटला. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा म्हणू शकलो असतो, जाऊ द्या सर, त्या तुमच्याच आहेत. तीन-चार शब्दांचं काम होतं. मी खिडकीच्या गजाकडं बघत राहिलो. त्याला गंज चढला होता हे मला अजून दिसतं.

"तुझं नाव कुठं हाय?" सरांनी विचारलं.

"राज्यशास्त्रात."

"मग तिथं बस."

"पर सर, भूगोल जाईल."

"जाईल तर जाईल. तू आत जा. अण्णा येऊन राहिले."

गोदानं शीलाला मागं वळवलं. मग आत जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

अण्णांनी छत्रीच्या टोकानं डोकी मोजली. माझ्याकडं वीस. सरांकडं अठरा. दारात उभं राहून त्यांनी पुन्हा एकदा मोजली, म्हणजे त्यांनाही जरा वाईट वाटलं असावं. "दोन कमी पडले, मास्तर," ते म्हणाले.

"हाव," सर म्हणाले. "दोन कमी."

दिवाळीनंतर अकरावीचा भूगोल बंद झाला आणि ती अठरा पोरं माझ्याकडं आली. वीस मिळावीत म्हणून मी एवढं केलं, मिळाली अडतीस. त्यातली अठरा माझ्याकडं अशी बघत बसायची जशी एसटीची वाट बघणारी माणसं चुकीच्या फाट्यावर बसलेली असतात. गोदानं वर्षभर राज्यशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर नकाशे काढले. मी तपासताना ती पानं उलटून पुढं जायचो. सरांनी बारावीची उरलेली तुकडी मार्चपर्यंत शिकवली आणि जूनपासून त्यांना खाली पाचवीचा वर्ग दिला. महिन्याभरात पाचवीची इवली पोरं ओठ हलवत व्हरांडा मोजत फिरायला लागली.

माझी मान्यता आली. हेडक्लार्कांनी शिक्का उजेडात धरून बघितला आणि मे महिन्यात माझं लग्न झालं. सर आणि काकू नांदेडला आले होते. सरांनी मांडव चालून मोजला आणि माझ्या सासऱ्यांना सांगितलं की अजून दोन पंगती आरामात बसतात. बसल्याही. दोन वर्षांनी मला नांदेडला नोकरी मिळाली आणि ते गाव सुटलं.

त्यानंतर सर मला एकदाच भेटले. मधे बरीच वर्षं गेली होती, माझे केस पिकले होते. बायकोच्या भाचीचं लग्न उरकून आम्ही दोघं लातूरच्या बसस्टँडवर नांदेडची गाडी बघत होतो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, डोळ्याच्या ऑपरेशननंतर देतात तो हिरवा चष्मा लावलेले, मांडीवर पिशवी. मी बायकोला म्हटलं, जरा सरक, बसू दे. त्यावर ते म्हणाले, "नांदेडकर काय?"

आवाजावरून ओळखलं होतं. बायकोनं पाया पडून त्यांची विचारपूस केली. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, आता ते उदगीरला मुलीकडं असतात, एका डोळ्याचं काल झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. मुलीचा मुलगा सोबत येणार होता, पण त्याला त्यांनीच नको म्हणून सांगितलं. मग बायको आपुलकीनं म्हणाली, "हे घरी सारख्या तुमच्या गोष्टी सांगतात. तुमचा विषय दुष्काळानं बंद पडला ना, फार हळहळतात."

"दुष्काळानं?" सर म्हणाले.

त्यांनी एवढंच विचारलं. पण ज्या सुरात ते पूर्वी 'बघून आलात का' विचारायचे, तोच सूर होता. हिरव्या काचेमागून ते कुणाकडं बघतायत ते कळत नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "दुष्काळानं नाही, सर. ती सहा पोरं मी फोडली होती. गोदाच्या वडिलांना मीच जाऊन सांगितलं होतं."

"ठाऊक हाय की," सर म्हणाले. "सहाही फॉर्म तुमच्याच अक्षरात होते."

पोरांना तसदी नको म्हणून मी ते स्वतः भरून दिले होते. एवढी वर्षं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? राग तर लई आला होता. घरी जाऊन हिला म्हणलो, त्या नांदेडकराची सुशीला बंद कर. न्हाई केली तिनं. म्हणली, पोरगं परगावचं हाय, उपाशी ऱ्हाईल." ते जरा हसले.

मला आणखी एक विचारायचंच होतं. "आणि त्या दिवशी गोदाला वर्गात घेतलं असतं तर तुमची वीस होत होती."

"ते तुमच्यासाठी न्हाई हं केलं. तेवढं डोक्यातून काढून टाका. तिचं नाव तिकडं होतं." त्यांनी पिशवीचे बंद उगाच सोडले आणि पुन्हा बांधले. "पाचवीची पोरं गुणी होती. पर भूगोल मात्र लई आठवायचा."

तेवढ्यात उदगीरची गाडी लागली आणि माणसं दाराकडं धावली. मीही धावलो. या वयात, या पोटानिशी, खिडकीच्या गजाला लोंबकळून मी पुढच्या सीटवर माझा रुमाल टाकला आणि जागा धरली. सरांना हाताला धरून चढवलं, बसवलं. कंडक्टरला सांगितलं की उदगीरला उतरवून घ्या, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. खाली उतरून खिडकीपाशी आलो तेव्हा सर तो रुमाल मांडीवर पसरून त्याच्या घड्या घालत होते, कड कडेला नीट लावून. रुमाल मला द्यायचा त्यांच्या मनात होतं बहुतेक. पण गाडी हलली, त्यांनी हात बाहेर काढला तो दुसऱ्याच खिडकीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या दिशेनं, आणि गाडी वळणावरून गेली.

आमची नांदेडची गाडी पाऊण तासानं आली. अहमदपूरपर्यंत मी बायकोला दोनदा शेंगदाण्याची पुडी पुढं केली. तिनं शेंगदाणे घेतले, पण बोलली नाही. मग खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "ही गोष्ट मी तुमच्या तोंडून पन्नासदा ऐकली आहे. माहेरी, लग्नाकार्यांत, पोरांना झोपवताना. दर वेळेला दुष्काळ पडतो आणि भूगोल बंद होतो. तुम्ही त्यात कुठंच नसता. आता सांगाल तेव्हा सगळी सांगा. मी शेजारी बसणार आहे."